पगारे बाईंचे ओले तास

आमच्याकडे विहिरीच्या पाण्याने बंबाला आतून पांढरा थर धरतो. रोज तो दिसत नाही. मग एक दिवस बंब जड का लागतो म्हणून आत हात घालावा, तर बोटभर खडी! किस्स्यांचंही तसंच असतं. आपण घंटा देत असतो, बाटल्या विसळत असतो, नोकरी करत असतो. किस्से गोळा करायला कुणी बसत नाही. ते आपले धरतात.

मी एका हायस्कूलच्या लॅबमध्ये शिपाई होतो. शिक्षण चौथीपर्यंत, तेही सटाण्याकडच्या खेड्यात. पोरं मला मामा म्हणायची. सगळ्याच शाळांत शिपायाला मामा म्हणतात, पण मला ते दरवेळी नवं वाटायचं. शाळा गंगापूर रोडच्या बाजूला. सत्तर सालानंतरची ही गोष्ट. तेव्हा तिकडे द्राक्षांचे मळे होते, आणि नदी इतकी जवळ की वर्ग घेऊन चालत जाता यायचं.

अशात पगारे बाई आल्या. विषय जीवशास्त्र. नाशिकरोडहून बसने यायच्या. वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कामाला होते. वय असेल पंचविशीचं. पहिल्याच दिवशी त्यांनी कपाट उघडून बरण्या बघितल्या. आत विंचू, गांडूळ, खेकडा, सगळे रंग उडालेले.

"मामा, ही मंडळी कधी वारली?"

"बाई, माझ्या आधी."

"मग त्यांना वरच्या फळीवर निवांत राहू द्या. आपण जिवंत आणू!"

आमचे हेडसर म्हणजे आहेर सर. कपडे पांढरेशुभ्र, मनाने चांगले, पण पालकांना फार भ्यायचे. त्यांनी बाईंना परवानगी दिली आणि वर एक अट घातली. "नदीवर न्या, विहिरीवर न्या. पण घरून एक तक्रार आली, एकच, की दुसऱ्या दिवसापासून खडू आणि फळा!"

बाई "हो सर" म्हणून हसल्या. मला मात्र हसू आलं नाही. कारण तोवर पोरांचे चेहरे मी बघितले होते. जीवशास्त्राचा तास सुरू व्हायच्या आधीच पोरं दारात उभी, असं आमच्या शाळेत पूर्वी कधी झालं नव्हतं. तेव्हा पुढचं ऐकताना हे ध्यानात असू द्या, की मी सारखा फाटकाकडे बघत होतो.

* * *

पहिला तास नदीवर. बाईंनी पदर खोचला, हातात चहाची गाळणी घेतली आणि गुडघाभर पाण्यात उतरल्या. दगड उलटा करायचा, खाली गाळणी धरायची, काय सापडतं ते ताटलीत. पाठीचा कणा नसलेले प्राणी शोधायचे होते.

घाटावर बायका धुणं धूत होत्या. त्यांतली एक बराच वेळ बघत राहिली. मग कळवळून म्हणाली, "अगं बाई! मास्तरणीचं मंगळसूत्र पडलं वाटतं!"

झालं! धुणं तिथेच. दहा-पंधरा बायका पाण्यात उतरल्या आणि दगड उलटे करायला लागल्या. बाई सांगतायत, "अहो, काही हरवलं नाही," पण ऐकतं कोण? एक जण म्हणाली, "घरी बोलणी बसतील म्हणून भितीय गं बिचारी!" बाईंचं तर लग्नसुद्धा झालं नव्हतं.

अर्ध्या तासात त्या बायकांनी नदीचा तेवढा तुकडा पालथा घातला. शेवटी एक म्हातारी मूठ मिटून आली. मूठ बाईंच्या हातावर उघडली आणि तोंड पाडून म्हणाली, "सोनं काय गावलं नाय बाई. ह्यो किडाच गावला."

चतुराची अळी होती ती! पोरं सकाळपासून तिलाच शोधत होती. बाईंनी आनंदाने म्हातारीला मिठीच मारली.

म्हातारी परत जाताना शेजारणीला म्हणाली, "किड्यावरच खूश झाली गं! मंगळसूत्र खोटं असंल."

* * *

जळवा दाखवायच्या होत्या. त्या म्हशीच्या अंगाला लागून डबक्यातून बाहेर येतात, हे मला गावाकडचं माहीत होतं. मी शेजारच्या मळ्यातल्या गवळ्याकडे म्हैस मागितली. तो भला माणूस. म्हणाला, "न्या मामा. पण अर्ध्या तासात आणा, धार काढायची हाय."

नववी ब डबक्याच्या काठावर बरण्या घेऊन उभी. म्हैस पाण्यात गेली. जरा फिरली. आणि बसली.

तास संपला, म्हैस बसलेली. मधली सुट्टी झाली, म्हैस बसलेली. पोरांनी हाका मारल्या, मी चारा दाखवला. तिने एक कान हलवला, बास.

मग बाईंनी तिथेच शिकवायला सुरुवात केली. "म्हैस हा पृष्ठवंशी प्राणी आहे. तिला पाठीचा कणा असतो. तो सरळ करायचा की नाही, हे तिच्यावर असतं."

इतक्यात दुसऱ्या शिपायाला हेडसरांनी पाठवलं. नववी ब कुठे आहे, गणिताचे सर रिकाम्या वर्गात उभे आहेत! वर्गातला सगळ्यात गंभीर मुलगा पुढे झाला आणि म्हणाला, "सरांना सांगा, म्हैस उठली की येतो."

निरोप तसाच्या तसा गेला. त्याहून वाईट म्हणजे गवळी चरवी घेऊन शाळेत आला. मला वाटलं, आली तक्रार! पण तो हेडसरांना म्हणाला, "राहू द्या साहेब, तुमच्याकडंच सोडून जातो. माझंबी ती ऐकत नाय."

* * *

सगळ्या वर्गाने घरचं पाणी आणायचं, असं ठरलं. कुणाचं नळाचं, कुणाचं विहिरीचं, कुणाचं बोअरचं. बाटलीवर नावाची चिठ्ठी. चिठ्ठ्या चिकटवायला गोंद नव्हता, म्हणून मी घरून कणकेची खळ करून आणली. सुंदर चिकटली.

त्याच लॅबमध्ये एका खोक्यात गोगलगायी होत्या. खोक्याचं झाकण कुणीतरी नीट लावलं नव्हतं.

सकाळी येऊन बघतो तर एकाही बाटलीला चिठ्ठी नाही! खळीची चव लागली, गोगलगायींनी कागदासकट सगळं चाटून पुसून खाल्लं. एक तर बाटलीच्या तोंडावर पोट भरून झोपलेली.

पोरं रडकुंडीला आली. बाईंनी एक गोगलगाय उचलून हातावर घेतली आणि म्हणाल्या, "बरं झालं. आता नाव वाचायचं नाही. आता पाण्यालाच विचारायचं."

मग एकेका बाटलीत साबणाच्या पाण्याचे सारखे थेंब टाकले आणि हलवलं. मऊ पाण्याला भराभर फेस येतो. जड पाण्यात फेस न येता साय आल्यासारखं होतं. एका बाटलीला काही केल्या फेस येईना, तशी एक मुलगी ओरडली, "हे आमचं! ह्याने न्हायलं की केसांची सुतळी होते!" दुसरी म्हणाली, "आमच्या पातेल्यालाही असाच पांढरा डाग पडतो." घरोघरच्या पातेल्यांवरून, केसांवरून, आईच्या बोलण्यावरून बाटल्या ओळखल्या गेल्या.

शेवटी एक बाटली राहिली. तिला साबण घालायच्या आधीच फेस आला! बाईसुद्धा चकित. त्यांनी बाटली उजेडात धरली, वास घेतला. हे कुठलं पाणी?

मागच्या बाकावरून हात वर आला. "बाई, पाणी साधंच आहे. बाटली आईच्या शिकेकाईची आहे."

* * *

एकदा खेकड्याची पिशवी घेऊन बाई नाशिकरोडच्या बसमध्ये चढल्या. बस गच्च. पिशवी आपोआप हलायला लागली. बाजूच्या माणसाने विचारलं, "काय आहे हो?" बाईंनी खरं सांगितलं. क्षणात बाईंच्या भोवती हातभर जागा झाली, आणि एका गृहस्थाने उठून सीटच दिली.

खेकडा दुसऱ्या दिवशी नदीत परत सोडला. पण पिशवी बाईंनी ठेवली. बसमध्ये गर्दी असली की त्या पिशवीकडे बघून नुसतं म्हणायच्या, "गप बस रे!"

* * *

जड पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, हे पोरांना दाखवायचं होतं. तीन सारखी पातेली, तीन प्रकारचं पाणी, सारखी तूरडाळ. पातेली आणि स्टोव्ह माझ्या घरचे. बायकोने विचारलं तेव्हा मी सांगितलं, नुसती डाळ शिजवायची, बाकी काही नाही.

ती अहिराणी मुलखातली. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "हाई काय शे? बिनफोडणीनी दाय?" आणि एका वाटीत लसूण-जिऱ्याची फोडणी घालून माझ्या हातात दिली. बाईंसमोर ही वाटी कुठे काढायची? मी ती कोपऱ्यात ठेवली.

डाळ शिजायला लागली तसा वास व्हरांड्यात गेला. शेजारच्या वर्गात संस्कृतचे जोशी सर शिकवत होते. ते सहज म्हणून डोकावले. मग गणिताचे सर सहज डोकावले. मग हेडसर आले, आणि ते काही सहज आले नव्हते.

"पगारे बाई, हा स्वयंपाक आहे की प्रयोग?"

"प्रयोग आहे सर. बघा, मऊ पाण्यातली डाळ विरघळली. बोअरच्या पाण्यातली अजून टणटणीत."

हेडसरांनी दोन्ही चमच्याने दाबून बघितल्या. मान हलवली. मग इकडेतिकडे बघून विचारलं, "आणि शिजलेल्या डाळीचं पुढे काय करता?"

एव्हाना जोशी सरांना कोपऱ्यातली वाटी सापडली होती! ती कधी पातेल्यात गेली, डबे कधी उघडले, कळलंच नाही. सगळ्या स्टाफने जीवशास्त्राचा मनापासून अभ्यास केला.

सहामाहीत त्यावर प्रश्न आला. पुस्तकात जड पाण्याला दुष्फेन म्हणतात. बाईंनी एका मुलाचं उत्तर मला वाचून दाखवलं. 'दुष्फेन पाण्यात डाळ शिजत नाही. परंतु फोडणी दिल्यास शिक्षक ती खातात.'

बाईंनी त्याला पूर्ण मार्क दिले.

* * *

हा किस्सा म्हणावा की नाही, कळत नाही. पण सांगतो.

मखमलाबादच्या बाजूला एका वस्तीवर पोरांना घेऊन विहिरीचं पाणी आणायला गेलो होतो. काठावर एक आजी बसलेल्या. बाईंचं त्यांनी फार कौतुक केलं. कुठून आली, वडील काय करतात, सगळं विचारलं. मग विचारलं, "आडनाव काय म्हणालीस?"

"पगारे."

आजींनी रहाटाकडे बघितलं, बादलीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "मग असं कर... पोरांनाच काढू दे पाणी."

पोरांना काही कळलं नाही. मला कळलं. मी दोराचा पीळ सोडवत राहिलो.

बाई शांतपणे म्हणाल्या, "पोरांनाच काढायचंय आजी. सगळं मीच काढलं, तर ती शिकणार कधी?"

पोरांनी पाणी काढलं. एका मुलीने ते पेल्यात घेऊन आधी बाईंना दिलं. पेला आजींच्या घरचा होता. बाई तो प्यायल्या आणि म्हणाल्या, "गोड आहे हो पाणी तुमचं." आजींनी पेला परत घेतला. घेताना त्यांचा हात थोडा थांबला, पण घेतला.

* * *

आणि मग ती तक्रार आलीच.

मंदा नावाची मुलगी होती नववीत. गिरणाऱ्याच्या पलीकडून एसटीने यायची. बोलायची कमी, पण सूक्ष्मदर्शकाला एकदा डोळा लावला की मला घंटा देऊन तिला उठवावं लागायचं.

तेव्हा त्या बाजूच्या काही गावांत पायऱ्यांच्या विहिरी होत्या. लोक पाण्यात उतरून घागर भरायचे. अशा पाण्यातून नारू व्हायचा. पायातून दोऱ्यासारखी लांब अळी बाहेर येते, माणूस महिनोन्‌महिने घरात पडून राहतो. बाईंनी वर्गाला शिकवलं, की नारूची बाळं पाण्यातल्या एका बारीक प्राण्याच्या पोटात असतात, आणि तो प्राणी नुसत्या डोळ्याने ओळखता येतो. काचेचा ग्लास उन्हात धरायचा. खाली बसतो तो गाळ. टुणटुण उड्या मारतो तो जिवंत. पाणी दुहेरी फडक्यातून गाळलं की तो वरच अडकतो.

मंदाच्या थोरल्या बहिणीला बघायला दिंडोरीकडचे पाहुणे आले. स्थळ चांगलं, घर खातंपितं. पाणी द्यायचं काम मंदाकडे. ती ट्रे घेऊन बाहेर आली, पाहुण्यांसमोर थांबली, आणि एक ग्लास उचलून तिने उन्हात धरला!

नवऱ्या मुलाच्या वडिलांनी विचारलं, "काय बघती गं पोरी?"

"जिवंत हाय का बघते."

"कोण?"

"हे बघा ना. तीन-चार तरी हायेत."

आणि ट्रे घेऊन ती आत गेली. गाळायला स्वच्छ फडकं लागतं. घरात सगळ्यात स्वच्छ काय? पाहुण्यांच्या मानासाठी आणलेलं कोरं उपरणं! तिने ते दुहेरी करून कळशीवर बांधलं. थोड्या वेळाने सगळ्यांना गाळलेलं पाणी मिळालं, आणि मुलाच्या वडिलांच्या गळ्यात ओलं उपरणं पडलं. पाहुणे उठले. जाताना म्हणाले, "कळवतो."

आमच्याकडे "कळवतो" म्हणजे काय, ते सांगायला नको.

सोमवारी मंदाचे वडील शाळेत हजर. मी ऑफिसात पाणी घेऊन गेलो, त्यांनी ग्लासाकडे बघितलंसुद्धा नाही.

"एकीचं लगीन तुमच्या किड्यांनी मोडलं सर! पाव्हण्यांना म्हणते, आमच्या पाण्यात जनावरं हायेत! गावात तोंड दाखवायला जागा नाय. आता दुसरीला नाय शिकवायचं. दिवाळीनंतर नाव काढतो मंदीचं!"

हेडसरांनी बाईंकडे बघितलं. त्यांनाही वाईट वाटत होतं, ते मला दिसलं. पण म्हणाले, "बाई, मी सांगितलं होतं."

बाई म्हणाल्या, "उद्यापासून फळा, सर. कबूल. फक्त मंदाचं नाव राहू द्या."

वडील तसेच उठून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी फळ्यावर गांडूळ काढलं. हुबेहूब काढलं. पोरांनी वहीत उतरवलं. कुणी एक प्रश्न विचारला नाही. मी कोरड्या गाळण्या उगाच पुसत बसलो. असे बरेच दिवस गेले. मंदा यायची, शेवटच्या बाकावर बसायची. दिवाळी जवळ येत चालली होती.

मग एका सकाळी फाटकात एक फेटेवाले गृहस्थ उभे. मागे मंदाचे वडील, खांद्यावर तांब्याची कळशी, तोंडाला फडकं बांधलेलं.

फेटेवाल्यांनी मला विचारलं, "ती पाणी बघणारी पोरगी कोणत्या वर्गात हाय?"

मी त्यांना ऑफिसात नेलं. खुर्चीवर बसताना त्यांनी डावा पाय तसाच सरळ ठेवला. तो वाकत नव्हता. नारू झालेले असे पाय मी गावाकडे बघितले होते. हेडसरांना वाटलं, आणखी एक तक्रार. ते उभेच राहिले. बाईंना बोलावलं, मंदालाही.

"मी मुलाचा बाप," फेटेवाले म्हणाले. "थोरली पोरगी आम्हाला पसंत हाय. त्याच दिवशी पसंत होती."

"मग कळवतो का म्हणालात?" मंदाचे वडील न राहवून बोलले.

"अहो, आपली विहीर साफ केल्याशिवाय कसं कळवू? पायऱ्या बुजवल्या, रहाट बसवला. आता हे पाणी आणलंय." त्यांनी कळशीवर हात ठेवला. मग मंदाकडे वळले. "तुझी बहीण नांदायला येणार ती हेच पाणी पिणार. तू बघ. तू हो म्हणालीस, तर सुपारी फोडू."

मंदाच्या वडिलांनी कळशीचं फडकं सोडलं. मी काचेचा ग्लास पुसून दिला. मंदाने बाईंकडे बघितलं. बाई म्हणाल्या, "माझ्याकडे नको बघू. पाण्याकडे बघ."

तिने ग्लास भरला आणि खिडकीतल्या उन्हात धरला. कुणी हलेना. बाहेर मधल्या सुट्टीची वेळ झाली होती, पण घंटा कोण देणार?

हेडसरांना राहवेना. ते टेबलामागून बाहेर आले, चष्मा पुसून परत लावला, आणि मंदाच्या पुढून खिडकीशी वाकून ग्लासात बघायला लागले.

"उड्या मारतंय का गं काही?" त्यांनी हळूच विचारलं.

मंदाची नजर ग्लासावरून ढळली नाही.

"सर, तुम्ही जरा बाजूला व्हा. ऊन अडतंय."

हेडसर पटकन बाजूला झाले.